न पटलेला बोल

प्रज्ञा,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उठवलं आणि मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. एरवी माझं तोंड बंद करायला शाळेची घंटासुद्धा पुरत नाही, आणि मी दोन वाक्यांत आटपलं! लोकांना वाटलं, बाईंना हुंदका आला. हुंदका कसला डोंबलाचा, राग आला होता. माझ्या आधी जो जो उठला तो तो म्हणाला, "प्रज्ञाताई गेलेल्या नाहीत, त्या आपल्यातच आहेत." एकानं तर तुझ्या फोटोकडे हात करून "बघा, हसतायत," असंही सांगितलं. मनात म्हटलं, ही इथं असती तर उठून विचारलं असतं, "सर, हे तुम्हाला खरंच पटतंय, की बोलायचं म्हणून बोलताय?" आणि मग त्या बिचाऱ्याला चहा गोड लागला नसता.

म्हणून तिथं जे बोलले नाही ते इथं लिहिते. मध्ये तोंड घालू नकोस. आता तशी सोय उरलेली नाही, पण सवयीनं बजावते.

आपली ओळख भांडणातूनच झाली. सूर्यग्रहण होतं. तू शाळेच्या मैदानात पोरांना पुठ्ठ्याला भोक पाडून सूर्याची प्रतिमा दाखवत होतीस आणि मी स्टाफरूममध्ये बंद डबा समोर घेऊन बसले होते. तू घामाघूम होऊन आत आलीस, माझ्या शेजारची खुर्ची ओढलीस आणि पोह्यांचा डबा उघडलास.

"संस्कृतच्या बाई, तुम्ही नाही जेवत?"

"ग्रहण सुटल्यावर."

"पटतं तुम्हाला हे?"

"नाही पटत."

"मग उपाशी का?"

"आई ओरडेल."

"आई इथं कुठंय?"

"नाहीये, म्हणूनच."

तू घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिलीस. नंतर म्हणालीस, की त्या 'म्हणूनच'वर तू घरी जाऊन बराच वेळ विचार केलास आणि तरी ते तुला पटलं नाही. मी सांगते, मलाही ते नीट समजावता आलं नसतं. पण आई समोर नसताना तिचं ऐकायचं, हे मला बरोबर वाटत होतं. ग्रहण सुटलं, मी डबा उघडला, आणि त्यातली अर्धी गवारीची भाजी तू खाल्लीस.

तुझ्या खेळाबद्दल परवा कुणी चकार शब्द काढला नाही. काढणार कुठून? तो माहीत होता तुझ्या आईला, बापूला आणि मला. विज्ञानाच्या बाई रविवारी दुपारी सावेडीच्या फ्लॅटमध्ये दार लावून जादूचा खेळ खेळतात, हे शाळेत कळलं असतं तर झालंच होतं. पुण्याला एम.एस्सी. करताना तू हा खेळ हॉस्टेलवर शिकलीस. एकानं गोष्ट सांगत खेळ चालवायचा, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं, काय करायचं ते तोंडानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. तू खेळ चालवायचीस. मी होते इरा, एका आटलेल्या तळ्याच्या देवीची पुजारीण. बापू होता जनावरांशी बोलणारा जादूगार. बापू म्हणजे तुझ्या बेलापूरच्या शाळेतला वर्गमित्र, घोडेगावचा जनावरांचा डॉक्टर. मोटारसायकलवरून यायचा, बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचा आणि तरी त्याच्या अंगाला गोठ्याचा वास यायचाच. तुझी आई विहारातून येऊन स्वयंपाकघरात असायची. "झाली का तुमची भुताटकी सुरू?" असं विचारत चहा आणायची.

इंग्रजी पुस्तकात 'स्पेल' होतं. मी म्हटलं, मंत्र म्हणू. तू म्हणालीस, "माझ्या घरात तो शब्द खेळातही नको." मी म्हटलं, "मग काय, करणी म्हणू?" बरीच वादावादी होऊन 'बोल' ठरलं. बोल टाकायचा. आणि बोलाचा परिणाम झाला की तो 'लागू पडला', हा शब्द बापूचा. तो औषधाबद्दल बोलतो तसं. नाही झाला तर 'फुसका', हा शब्द तुझा.

पण तुझा खरा हट्ट पुढे होता. त्या पुस्तकातले बोलांचे सगळे नियम तू मोडीत काढलेस आणि एकच नियम ठेवलास. बोल टाकण्याआधी 'मला पटतं की' असं म्हणून एक वाक्य बोलायचं, आणि ते वाक्य बोलणाऱ्याला खरोखर पटलेलं पाहिजे. पात्राला नाही, आपल्याला. वाक्य जेवढं खरं तेवढा बोल मोठा. खोटं असेल तर फासा टाकायचाच नाही, बोल आधीच फुसका.

माझा पहिला बोल आठवतो? गुहेचं दगडी दार होतं. मी ताठ बसले, डोळे मिटले आणि अख्खं स्तोत्र म्हटलं, ऱ्हस्वदीर्घासकट, एकही आघात इकडचा तिकडे नाही. अण्णांची लेक आहे मी. भिक्षुकाच्या घरातली पोर बोलायला लागते तीच श्लोकांनी. बापूनं तर टाळ्या वाजवल्या. "काय आवाज हाय वृंदाताई! अंगावर काटा आला."

"फुसका," तू म्हणालीस.

"काय?"

"त्यातलं काय पटतं तुला?"

मी अर्थ सांगितला. विभक्त्या सोडवून सांगितला, समास सोडवून सांगितला. तू हनुवटीला हात लावून ऐकून घेतलंस.

"हे सगळं तुला पाठ आहे, वृंदा. पटलेलं काय आहे ते सांग."

माझं डोकंच फिरलं. दहावीच्या वर्गात सुद्धा कुणी माझा असा पाणउतारा केला नव्हता. मग तू बापूला विचारलंस. तो टक्कल खाजवत म्हणाला, "मला पटतं की दार बंद हाय म्हंजी कुनीतरी आतून लावलंय. आत कुनी न्हाई असं बंद दार म्या तरी पायलं न्हाई. म्हून म्या दाराला काय करत न्हाई, आतल्याला हाक मारतो." फासा टाकला, दार उघडलं. त्या दिवशी मी तुझ्याकडचा चहा न पिता घरी गेले. मला वाटलं होतं तू अडवशील. अडवलं तुझ्या आईनं, तू नाही.

हळूहळू मला तुझ्या नियमाची मेख कळली. मोठी वाक्यं चालत नव्हती. एकदा मी म्हटलं, "मला पटतं की शेवटी सत्याचाच विजय होतो," तर तू खो खो हसलीस. "शाळेच्या भिंतीवरचं इथं आणू नकोस गं. मागच्या महिन्यात कुणाचा विजय झाला शाळेत, सांगू का?" खरं होतं. मग मी खाली उतरले, अगदी घराच्या पायरीपर्यंत. माझा पहिला बोल लागू पडला तो अंधाऱ्या भुयारात. मी म्हटलं, "मला पटतं की रोज लावलेला दिवा एक दिवस लावायचा राहिला तर घर परक्याचं वाटतं." देवीचं नाव नाही, काही नाही. तू म्हणालीस, "टाक फासा." इराच्या तळहातावर उजेड आला. भुयार उजळलं नाही, पायापुरतं दिसलं. तू म्हणालीस, वाक्य घराएवढंच होतं, उजेड भुयाराएवढा कसा पडेल. मला इतका आनंद झाला की घरी जाऊन अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "तुमच्या बाईंना एकदा घरी आण."

तू आलीस, खाली चटईवर बसलीस आणि पहिलाच प्रश्न टाकलास, "अण्णा, तुम्ही एवढ्या पूजा सांगितल्या, तुम्हाला पटतं का हो?" अण्णा पंचा झटकत म्हणाले, "बाळ, मला पटायची वाट बघत बसलो असतो तर एकाही यजमानाचा सत्यनारायण झाला नसता. आधी हात जोडावेत. मागून पटलं तर पटलं. एखाद्या दिवशी पटतं. त्या एका दिवसासाठी बाकीचे दिवस जोडायचे." तू त्यांच्या पाया पडली नाहीस, ते त्यांना अपेक्षितही नव्हतं, पण दाराशी येईपर्यंत तू पुटपुटत होतीस, "हे काही बरोबर नाही, हे काही बरोबर नाही."

तिथून आपला वाद सुरू झाला आणि शेवटपर्यंत मिटला नाही. तू म्हणायचीस, आधी पटलं पाहिजे, मग बोलावं. मी म्हणायचे, कितीदा तरी आधी बोलावं लागतं, हात जोडावे लागतात, पटणं मागून येतं. तू म्हणायचीस, त्याला सवय म्हणतात. मी म्हणायचे, असेना का सवय. तुझी आई आतून ओरडायची, "तुमचं दोघींचं कधी पटायचं न्हाई, अन् एकमेकींबिगर करमायचं न्हाई!" आपण दोघी हसायचो आणि पुन्हा भांडायचो.

एकदा मात्र हसणं थांबलं. मी चिडून म्हटलं, "खेळच आहे ना? इराला पटतंय, तेवढं पुरे. तू कशाला माझी उलटतपासणी घेतेस दर रविवारी?" तू फासे गोळा करून वाटीत ठेवलेस. आवाज चढवला नाहीस. तू म्हणालीस, "तुझ्या माणसांनी मानायला लावलं म्हणून माझ्या माणसांनी मानलं, वृंदा. पिढ्यानपिढ्या. सावली पडू द्यायची नाही तेही मानलं. एक दिवस आजोबांना ते पटेनासं झालं. त्यांनी घरातले देव धोतराच्या फडक्यात बांधले आणि प्रवरेत नेऊन सोडले. आमच्या घरात पटणं ही सोपी गोष्ट नाही. ते आम्ही कमावलंय. मी न पटलेलं वाक्य कुणाला बोलू देणार नाही. खेळातही नाही."

तू म्हणालीस ते मला पूर्ण पटलं, आणि तरी माझं म्हणणं खोटं झालं असंही वाटलं नाही. ही दोन्ही एकाच डोक्यात कशी नांदतात कोण जाणे. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तूच माझ्यापुढे डबा सरकवलास. "खा. आज ग्रहण नाहीये."

मग तुझं दुखणं आलं. पोटात काय निघालं, कुठं ऑपरेशन झालं, ते इथं लिहीत बसत नाही. ते तुला माहीत आहे आणि बाकीच्यांना सांगून मला कंटाळा आलाय. मला आठवतात ती तुला भेटायला येणारी माणसं. कुणी उदी आणली, कुणी कुठल्या बाबाचं पाणी. तू प्रत्येकाला नीट बसवून विचारायचीस, "तुम्हाला पटतं?" आणि 'हो' म्हणणाऱ्याकडून मुकाट्यानं घ्यायचीस. 'बघू या, काय हरकत आहे' म्हणणाऱ्याचं परत द्यायचीस. आई रोज सकाळी तुझ्या उशाशी बसून परित्राण पाठ म्हणायची, तिला मात्र तू कधी काही विचारलं नाहीस.

अण्णांनी तुझ्यासाठी जप सुरू केला, हे मीच तुला सांगितलं. लपवायला मला जमत नाही.

"तुला पटतं?" तू झोपल्या झोपल्या विचारलंस.

"नाही."

"मग थांबव ना त्यांना."

"ते थांबणार नाहीत. आणि मी थांबवणार नाही."

तू छताकडे बघून हसलीस. "करू देत. मला लागू पडायचा नाही, तुला पडेल." त्या वाक्याचा मला इतका राग आला होता! आता त्याचाच आधार वाटतो. माणूस काय कशाला धरून राहील, काही नेम नाही.

शेवटच्या रविवारी तू पलंगावर उशांना टेकून बसलीस आणि खेळ बापूच्या हातात दिलास. म्हणालीस, "इतकी वर्षं चालवला, आज खेळते." आणि पात्र कुठलं घेतलंस, तर काठी टेकत हिंडणारी म्हातारी जादूगारीण. नाव काय ठेवायचं विचारलं तर म्हणालीस, "म्हातारीच म्हणा. तेवढीच हौस फिटेल." बापूनं मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. मी तुला रागावले, असलं बोलू नकोस म्हणून. तू म्हणालीस, "का? मला पटतं."

खेळात म्हाताऱ्या बाईला बाण लागला. बापूनं फासा टाकला आणि लगेच हातानं झाकला. "वाकडा पडला गं. चादरीवर कुठं फासा पडतो व्हय? परत टाकतो."

"पडला तो पडला, बापू. हात काढ."

त्यानं हात काढला. म्हातारी पडली. आता इराचा डाव होता. बरं करायचा बोल माझ्याच पुजारिणीकडे होता. मी म्हटलं, "इराला पटतं की म्हातारी उठेल."

"इराला नाही," तू म्हणालीस. "तुला."

तुझी आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. बापू फाशांच्या वाटीत बघत होता. तुझे डोळे खोल गेले होते, पण नजर तीच होती, ग्रहणाच्या दिवशीची. तुझ्याशी खोटं बोलायची माझी टाप नव्हती. आणि खरं बोलायला जीभ उचलेना.

"मला नाही पटत," मी म्हटलं.

"बरं. मग काय पटतं?"

मी तुझी चादर सारखी करायला लागले.

"बोल की. जे पटतं ते बोल."

"मी नाही बोलणार. हा खेळ आहे की फाशीची शिक्षा?" मी ओरडलेच. "प्रत्येक वेळी तुझंच काय म्हणून?"

तू दोन्ही हात वर केलेस, शरण आल्यासारखे. "बरं बाई. डाव तुझ्याकडेच राहू दे. सुचलं की टाक." आणि आईला म्हणालीस, "हिला चहा दे आधी. हिचं डोकं तापलंय." त्या दिवशी मी चहा प्यायले. तूही दोन घोट घेतलेस. निघताना तू माझा हात धरून ठेवलास. त्याच आठवड्यात तू गेलीस.

अमरधामात मी होते. तुझ्या चेहऱ्यावरचा पांढरा कपडा मी नीट केला. सगळं डोळ्यांनी बघितलं. पण पटलं म्हणशील तर अजिबात नाही. सांगून कुणाला खरं वाटणार नाही, पण मुख्याध्यापकांनी नव्या परिपत्रकावर जे तारे तोडले ते मी तुला सांगायचं म्हणून राखून ठेवलं होतं. मोबाईलवर अर्धं लिहूनही झालं. शाळेतून निघाल्यावर स्कूटर आपोआप तुझ्या बिल्डिंगकडे वळायची आणि खाली उभी राहून मी हॉर्न वाजवायचे. वर गॅलरीत तुझी आई यायची. माझ्याकडे बघायची आणि आत जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोघी मिळून तुझी वाट बघत होतो, झालं. मला भीती वाटायला लागली होती की हे असंच चालू राहील, मी हॉर्न वाजवीन आणि ती गॅलरीत येईल, आणि आम्ही दोघी अशाच वेड्या होऊ.

कार्यक्रमाच्या दिवशी लोक पांगल्यावर तिनं मला आणि बापूला थांबवलं. "तुमचा तो खेळ अर्धा राहिलाय न्हवं? उद्या रविवार हाय, या. पुरा करा."

"मावशी, तिच्याशिवाय कसला खेळ?" मी म्हटलं.

"अर्धं ठिवू नगा काही. माझ्या जिवाला लागून राहिलंय."

काल गेलो. जेवणाच्या टेबलावर तोच प्लॅस्टिकचा फुलाफुलांचा कपडा. बापूनं बाहेरच्या नळावर हात धुतले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. आई चहा ठेवून परत फिरली नाही. तुझ्या खुर्चीत बसली. खेळ तिला येत नव्हता, पण म्हणाली, "मी बघते."

बापूनं घसा साफ केला. "तर... म्हातारी पडल्याली हाय. बाण छातीत हाय. इरा तिच्या उशाशी बसल्याली हाय." त्यानं फाशांची वाटी माझ्यापुढे सरकवली. "डाव वृंदाताईंचा."

"मला काही सुचत नाही, बापू."

"मग ऱ्हाऊ द्या, ताई."

"न्हाई," आई म्हणाली. "ऱ्हाऊ न्हाई द्यायचं. तोंड उघड, पोरी. सुचंल."

प्रज्ञा, तुझी शपथ, माझ्या डोक्यात काही नव्हतं. कुठलं वाक्य नव्हतं, श्लोक नव्हता, दिवा नव्हता. मी फक्त तुझ्या नियमाचे शब्द उच्चारले. "मला पटतं की..." आणि थांबले. पुन्हा म्हटलं, "मला पटतं की..." बापू खाली बघत होता. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिसऱ्यांदा तेच म्हटलं, आणि त्याच्या पुढचं आपोआप आलं. मी ते ठरवलं नव्हतं. माझाच आवाज मला परक्यासारखा ऐकू आला.

"मला पटतं की प्रज्ञा मेली."

मी तुझ्या आईसमोर हे बोलले. दाताखाली जीभ चावली, पण शब्द सुटून गेले होते. परवा ज्या हॉलमध्ये जो तो तुला जिवंत ठेवत होता, तिथं बसलेल्या या बाईपुढे मी हे बोलले. तिनं टेबलावरचे दोन्ही हात उचलले, मला वाटलं माझ्या थोबाडीत मारते की काय. तिनं माझे हात धरले.

"व्हय," ती म्हणाली. "मेली. माझी लेक मेली." आणि मग तिनं हंबरडा फोडला. तू गेलीस त्या दिवसापासून ती रडली नव्हती, हे मला बापूनं नंतर सांगितलं. सगळे तिला म्हणत होते, ती आहे, ती आहे. मग ती रडणार कुणासाठी? आम्ही तिघं त्या फुलाफुलांच्या कपड्यावर डोकी टेकून रडलो, अगदी आवाज काढून, शेजारचे दार वाजवून विचारून गेले इतकं. फासा कुणी टाकला नाही. बऱ्याच वेळानं बापूनं नाक पुसलं आणि खेळ चालवणाऱ्यानं सांगायचं असतं म्हणून सांगितलं, "लागू पडला. म्हातारी गेली." आईनं पदरानं तोंड पुसलं, गार झालेला चहा पुन्हा गरम केला आणि आम्हाला दिला. आज शाळेतून निघाले तेव्हा स्कूटर सरळ घराकडे आली.

आता शेवटचं. नीट ऐक, कारण हे मी तुझ्याच टेबलाशी बसून शोधलंय. वाक्य सुरू केलं तेव्हा मला ते पटलेलं नव्हतं. अमरधामात पटलं नाही, कार्यक्रमात पटलं नाही, टेबलाशी बसले तेव्हाही नाही. आधी मी बोलले. तोंडातून निघालं, माझ्या कानांनी ऐकलं, आणि मग पटलं. आधी बोलणं, मागून पटणं. इतकी वर्षं मी हेच तुझ्याशी भांडत होते आणि तू हसत होतीस. बापू साक्षीला आहे, तुझी आई साक्षीला आहे. तुझ्याच घरात, तुझ्याच नियमानं मी वाद जिंकले.

तेव्हा आता 'बरं बाई, तुझं खरं' एवढं म्हण. एकदाच म्हण गं. मी पुन्हा कधी भांडणार नाही.